फ्रेझ्नोतल्या स्पॅनिशभाषक शेतमजुरांसाठी वेदना-प्रश्नावल्या जुळवून घेताना : प्रकल्प नोंदी

१६ जानेवारी २०२४

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, फ्रेझ्नो काउंटीमधल्या एका सामुदायिक दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. जुनाट कंबरदुखी घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये मोठा वाटा शेतमजुरांचा असतो आणि त्यांतले बहुतेक जण मेक्सिकोच्या मिचोआकान, ग्वानाहुआतो, ओआहाका अशा राज्यांच्या ग्रामीण भागांतून आलेले, घरी आणि कामावर स्पॅनिश बोलणारे आहेत. आजवर दुभाषा इंग्रजी प्रश्नावली हातात धरून ती तोंडी विचारत असे. प्रत्येक दुभाषा आपापल्या शब्दांत विचारत असल्यामुळे एकाच रुग्णाचे दोन भेटींमधले आकडे ताडून पाहण्यात काही अर्थ उरत नसे. उपचाराने फरक पडला की केवळ दुभाषा बदलला, हे सांगता येत नव्हते. हे थांबवण्यासाठी हा प्रकल्प हाती घेतला आहे.

पहिल्या बैठकीत चार गोष्टी निवडल्या. पहिली, चार्ल्स क्लीलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात विकसित केलेली 'ब्रीफ पेन इन्व्हेंटरी', जिच्यात वेदनेच्या तीव्रतेवर चार आणि तिच्यामुळे रोजच्या जगण्यात येणाऱ्या अडथळ्यांवर सात प्रश्न ० ते १० या मोजपट्टीवर विचारले जातात. दुसरी, १९८३ सालची 'रोलंड-मॉरिस' प्रश्नावली, जिच्यात कंबरदुखीविषयीची २४ विधाने आहेत. तिसरी, मायकल सलिव्हन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली 'पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल', म्हणजे वेदनेच्या विचाराने मन किती धास्तावते ते मोजणारी १३ विधाने. चौथा, आमच्या दवाखान्याचा स्वतःचा पहिल्या भेटीचा तक्ता, ज्यात शरीराची आकृती, वेदनेची वर्णने आणि कामाचा इतिहास येतो.

भारतात मराठीत किंवा इतर भाषांत अशाच प्रश्नावल्या तयार करणारे सहकारी मधूनमधून शंका विचारतात. त्यांना उपयोगी पडावे म्हणून या नोंदी मराठीत ठेवत आहे.

५ फेब्रुवारी

पहिले काम अनुवादाचे नव्हे, शोधाचे आहे. निवडलेल्या तिन्ही प्रमाणित प्रश्नावल्यांची स्पॅनिश रूपे आधीपासून उपलब्ध आहेत. 'ब्रीफ पेन इन्व्हेंटरी'चे स्पॅनिश रूप हक्कधारक संस्थेकडूनच मिळते, 'रोलंड-मॉरिस'चे स्पॅनिश रूप कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनमध्ये तपासून २००२ साली प्रसिद्ध केले आहे आणि 'कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल'चे रूप स्पेनमधल्या फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर जुनाट वेदना होणाऱ्या आजाराच्या, रुग्णांवर तपासलेले आहे. तयार रूप असताना नवे करत बसणे म्हणजे जुन्या संशोधनाशी तुलना करण्याची सोय आपल्या हाताने घालवणे होय.

तरीही तयार रूप जसेच्या तसे वापरता येईलच असे नाही. स्पेनच्या शहरातल्या रुग्णालयात तपासलेले वाक्य मिचोआकानच्या खेड्यातून आलेल्या आणि तिसरी-चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला कळते का, हा वेगळा प्रश्न आहे. म्हणून असे ठरले की 'ब्रीफ पेन इन्व्हेंटरी'तले अक्षरही बदलायचे नाही, फक्त ती विचारण्याची पद्धत सुधारायची. 'रोलंड-मॉरिस' वापरायला खुली असल्याने तिच्यात प्रादेशिक फेरफार करायचे आणि प्रत्येक फेरफार लिहून ठेवायचा. दवाखान्याचा तक्ता मात्र मुळापासून अनुवादित करायचा. परवानग्या आणि नैतिकता समितीचे कागद यांत फेब्रुवारीचा बराचसा भाग जाईल, असे दिसते. वेळापत्रक आखणाऱ्यांनी हा काळ सुरुवातीलाच धरून ठेवावा.

२६ फेब्रुवारी

तक्त्याचा अनुवाद सर्वांना माहीत असलेल्या रीतीने करत आहोत. बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली ही रीत म्हणजे परस्परांपासून स्वतंत्र असे दोन अनुवाद, त्यांचा मेळ, दोन उलट अनुवाद (म्हणजे अनुवाद पुन्हा मूळ भाषेत फिरवणे), तज्ज्ञ समिती आणि मग ३० ते ४० रुग्णांवर पूर्वचाचणी. पहिला मसुदा एका अनुवाद संस्थेकडून आला. तो व्याकरणशुद्ध होता, पण त्याची भाषा स्पेनची होती. उचलणे, घेणे यासाठी त्यात जागोजागी 'कोहेर' हे क्रियापद होते. स्पेनमध्ये ते दिवसभर तोंडी असते, मेक्सिकोत मात्र ते अश्लील ठरते. रुग्णाला 'तू' म्हणायचे की 'आपण', यातही एकवाक्यता नव्हती. एका पानावर 'तू' तर पुढच्यावर 'उस्तेद'. साठीच्या शेतमजुराला पांढऱ्या कोटातल्या माणसाने 'तू' म्हणून विचारले तर तो उत्तर देईल, पण मोकळेपणाने देणार नाही.

दिलेले पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्यांदा काम देताना लेखी अट घातली की दोन्ही अनुवादक मेक्सिकन स्पॅनिश बोलत वाढलेले असावेत, त्यांतल्या एकाला वैद्यकाची ओळख असावी आणि दुसऱ्याला मुळीच नसावी. दुसरी अनुवादक प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकवणारी बाई आहे. तिच्या मसुद्यातली वाक्ये लहान आहेत आणि मोठ्याने वाचताना कुठेही अडत नाहीत. मेळ घालताना बहुतेक ठिकाणी तिचीच वाक्ये राहिली.

वेदनेच्या वर्णनांची यादी करताना मराठीचा उपयोग झाला. कळ, ठणका, सणक, रग, आग, चमक हे सारे वेगळे असते, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही, त्यामुळे स्पॅनिश वर्णनांमध्ये कोणता फरक जपायचा हे मला पटकन उमगत होते. 'मुंग्या येणे' तर दोन्ही भाषांत मुंगीवरूनच आले आहे.

१८ मार्च

उलट अनुवाद आले. मूळ इंग्रजीशी ते इतके जुळले की समितीतल्या दोघांनी काम संपल्याचे जाहीर केले. मला मात्र हे जुळणे संशयास्पद वाटले आणि पुढे मुलाखतींत ते तसेच निघाले. इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत लॅटिनमधून आलेले शब्द इतके आहेत की पुस्तकी स्पॅनिश शब्द उलटा फिरवला की मूळ इंग्रजी शब्द आपोआप हाती येतो. वेदनेच्या तीव्रतेसाठी आमच्या मसुद्यात 'सेवेरो' होता. तो उलटा होऊन 'सिव्हिअर' झाला आणि तपासणीत पास झाला. पण बोलीत 'सेवेरो' म्हणजे कडक, कठोर. हा शब्द शिस्तीच्या मास्तराला लावतात. आम्ही तो काढून 'फुएर्ते' घातला, जो शेतमजूर स्वतःहून वापरतात.

थोडक्यात, दोन भाषा जितक्या जवळच्या तितकी उलट अनुवादाची चाळणी मोठ्या भोकांची होते. ती टाळू नये, कारण गळलेले वाक्य किंवा सुटलेला नकार तिच्यात हमखास सापडतो. पण माणसाला काय कळले हे ती सांगत नाही.

९ एप्रिल

तज्ज्ञ समितीची बैठक झाली. अर्धा वेळ पानाच्या मांडणीवर गेला, तो कारणी लागला. अक्षर मोठे केले, एका पानावर एकाच मोजपट्टीचे प्रश्न ठेवले आणि चौकटींचे जाळे काढून टाकले, कारण ओळ आणि स्तंभ जुळवून वाचण्याची सवय शाळेत लागते आणि आमचे पुष्कळ रुग्ण फार काळ शाळेत नव्हते.

३० एप्रिल

मुलाखती सुरू झाल्या. "उत्तर देताना मनात काय आले ते बोलून दाखवा" ही रूढ पद्धत इथे चालली नाही. रुग्ण हसून "सगळं ठीक आहे, प्रश्न छान आहेत" असे म्हणत. ती पाहुण्याशी बोलण्याची रीत होती. मग प्रश्न बदलला. "हाच प्रश्न शेजारणीला समजावून सांगायचा झाला, तर तुम्ही कसा सांगाल?" असे विचारल्यावर प्रश्न त्यांच्या तोंडून वेगळ्याच रूपात बाहेर येऊ लागला आणि कुठे काय बिघडले आहे ते दिसू लागले.

सर्वांत मोठे बिघाड शब्दांत नव्हते, ० ते १० या मोजपट्टीत होते. 'ब्रीफ पेन इन्व्हेंटरी'त ० म्हणजे वेदना नाही आणि १० म्हणजे कल्पना करता येईल तेवढी भयंकर वेदना. मेक्सिकोच्या शाळांत १० हे सर्वोत्तम गुण असतात आणि ६ ला विद्यार्थी उत्तीर्ण होतो. एका बाईंनी कंबर धरून, खुर्चीच्या कडेला टेकून बसल्या बसल्या "आज ४" असे सांगितले. समजावून सांगा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आज काही चांगली नाहीये, नापासच." आकडा त्यांनी वेदनेला दिला नव्हता, स्वतःच्या तब्येतीला दिला होता.

दुसरा प्रकार १० राखून ठेवण्याचा. बायका बाळंतपणाच्या वेदनेला १० देऊन बाकी सगळे त्याखाली बसवत, तर पुरुषांपैकी बरेच जण म्हणत की १० असती तर मी इथवर चालत आलोच नसतो. त्यामुळे त्यांचा ७ आणि कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाचा ७ एकाच वजनाचा असतो, असे मानायला मी तयार नाही. एकाच माणसाचे आधीचे आणि नंतरचे आकडे मात्र ताडता येतात, आणि आम्हाला तेवढेच हवे आहे.

तिसरा प्रकार गोंधळाचा. गेल्या २४ तासांतली सर्वांत जास्त वेदना आणि सर्वांत कमी वेदना हे दोन प्रश्न लागोपाठ येतात. ऐकून उत्तर देणाऱ्यांपैकी काहींची 'सर्वांत कमी' ही 'सर्वांत जास्त'पेक्षा मोठी निघाली.

मोजपट्टीची टोके बदलण्याची मुभा आम्हाला नाही, म्हणून तिच्या आधी सरावाचे प्रश्न जोडले. काल शेतात ऊन किती होते? आज सकाळी या खोलीत किती गरम होते? दोन्हींना ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. शेतमजुराला उन्हाची पारख कोणी शिकवायला नको. एकदा हात बसला की मग वेदनेकडे वळायचे. पट्टी आडवी न छापता थर्मामीटरसारखी उभी, खालून वर जाणारी छापली. शिवाय कर्मचाऱ्यांना एक नियम दिला. 'सर्वांत कमी'चा आकडा 'सर्वांत जास्त'हून मोठा आला, तर तो खोडायचा नाही, दोन्ही प्रश्न सावकाश पुन्हा वाचायचे आणि दुसरे उत्तर पहिल्याच्या शेजारी लिहायचे.

१४ मे

शरीराच्या आकृतीवर दुखरी जागा रंगवायला सांगितली की डावे-उजवे उलटते, कारण समोरची आकृती रुग्ण आरशासारखी धरतो. आता आधी स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायचे आणि मग कर्मचाऱ्याने कागदावर खूण करायची, असा क्रम ठेवला आहे.

अवयवांच्या नावांनी याहून मोठा घोळ घातला होता. कंबरेसाठी आमच्या रुग्णांचा नेहमीचा शब्द 'सिंतुरा'. छापील तक्त्यात 'पाठीचा खालचा भाग' असे होते, त्यामुळे कंबर दुखणारे लोक त्या ओळीला "नाही" म्हणून पुढे जात. काही जण त्याच जागेला 'रिन्योनेस', म्हणजे मूत्रपिंडे म्हणतात. मग डॉक्टर लघवीची तपासणी लिहून देतात. मानेच्या मागच्या भागाला 'सेरेब्रो', म्हणजे मेंदू म्हणणारेही आहेत, आणि "मेंदू दुखतो" अशी नोंद इंग्रजीत गेली की तिचे पुढे काय होत असेल ते सांगायला नको.

इथे एक मोह आवरावा लागला. दुभाषा म्हणाला की यादीच करू, 'रिन्योनेस' आले की कंबर लिहायची. मी ते मान्य केले नाही. भर उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांना खरोखर धोका असतो, आणि शब्दाच्या जागी आपला अर्थ बसवला तर एखादा खरा आजार निसटेल. म्हणून नोंद दोन भागांत होते: रुग्णाचा शब्द जसाच्या तसा, आणि त्याने हात ठेवलेली जागा. अर्थ लावण्याचे काम डॉक्टरांचे.

कामाच्या इतिहासात एक प्रश्न वाढवला. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंत आखूड दांड्याचे खुरपे सर्रास वापरले जाई. मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, आणि ते वापरताना दिवसभर कमरेतून दुमडून राहावे लागे. त्याच्या वापरावर बंदी आली तोवर पुष्कळांच्या पाठी गेल्या होत्या. आज सत्तरीच्या आसपास असलेल्या रुग्णांपैकी काहींनी ते हाताळलेले आहे. प्रश्न विचारताच ते उठून उभे राहतात आणि वाकून दाखवतात.

४ जून

'रोलंड-मॉरिस'च्या मुलाखती संपल्या. हा या प्रकल्पाचा सर्वांत अवघड भाग ठरला, म्हणून सविस्तर लिहिते.

या प्रश्नावलीत लागू पडणाऱ्या विधानावर खूण करायची असते आणि प्रत्येक खुणेला एक गुण, अशी बेरीज ० ते २४ होते. पहिली अडचण अशी की खूण नसली तर विधान लागू नाही म्हणून नाही, की वाचलेच नाही म्हणून नाही, हे कळत नाही. प्रत्येक विधानापुढे 'हो' आणि 'नाही' अशा दोन जागा दिल्या. हा बदल मूळ स्वरूपापासून दूर जाणारा आहे, म्हणून तो अहवालात स्वतंत्रपणे नोंदवला आहे.

दुसरी अडचण जिन्याची. 'कंबरेमुळे जिना हळू चढतो' आणि 'कठड्याला धरून चढतो' अशी दोन विधाने आहेत. आमचे बहुतेक रुग्ण एकमजली घरांत किंवा फिरत्या घरांच्या वस्तीत राहतात. जिना त्यांच्या दिवसात येतच नाही. त्यांचे उत्तर "नाही", म्हणजे दोन गुण कमी. सुधारणा मोजताना दोन-तीन गुणांचा फरकही विचारात घेतला जातो, तेव्हा हे किरकोळ नाही. जिन्याऐवजी ट्रकच्या किंवा व्हॅनच्या पायरीवर चढणे घ्यावे अशी सूचना आली, आणि मुलाखतींत ती लगेच कळली. पण पायरी एक असते, जिना अनेक पायऱ्यांचा. श्रम सारखे नाहीत. शेवटी विधान तसेच ठेवले, त्यापुढे 'जिना चढावा लागत नाही' अशी तिसरी जागा दिली आणि तिची बेरीज वेगळी ठेवली.

तिसरी अडचण 'आज' या शब्दाची. सर्व विधाने आजच्या दिवसाविषयी असतात. पण दवाखान्यात येण्यासाठी मजूर काम बुडवतो. म्हणजे ज्या दिवशी आम्ही विचारतो, तो त्याच्या आठवड्यातला सर्वांत हलका दिवस असतो. आता कागदाच्या माथ्यावर, गुणांत न धरता, 'आज कामावर गेला होता का? शेवटचे कधी?' असे विचारतो.

चौथी गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. 'कंबरेमुळे मी वाकणे किंवा गुडघ्यावर बसणे टाळतो' या विधानावर ज्यांची कंबर सर्वांत वाईट अवस्थेत आहे अशा माणसांनी "नाही" म्हटले. फ्रेझ्नोच्या आसपास बेदाण्याची द्राक्षे घड तोडून वेलींच्या दोन ओळींमधल्या जमिनीवर, कागदाच्या तुकड्यांवर पसरतात. आपल्याकडे तासगावला बेदाणा शेडमधल्या जाळ्यांवर वाळतो; इथे परंपरेने तो मातीलगत वाळतो. वेलीखाली शिरायचे, घड तोडायचे, वाकून कागदावर पसरायचे, पुढचा कागद अंथरायचा. मजुरी कागदागणिक मिळते. "टाळू कसं? टाळलं तर खाऊ काय?" असे एका रुग्णाने विचारले, त्यावर मुलाखत घेणारी निरुत्तर झाली. वाकणे टाळण्याची मोकळीक ज्याला आहे त्याचा गुण वाढतो, ज्याला नाही त्याचा कमी होतो, आणि कागदावर दुसरा माणूस पहिल्याहून धडधाकट दिसतो.

हे अनुवादाने दुरुस्त होण्यासारखे नाही. विधान बदलले तर इतर अभ्यासांशी नाते तुटते, ठेवले तर आकडा फसवतो. म्हणून विधान ठेवून गुणांबाहेर दोन प्रश्न जोडले: कामावर वाकावे लागते का, आणि वाकलेल्या दिवसाच्या रात्री झोप कशी लागते. हे प्रश्न प्रमाणित नाहीत, त्यांची बेरीज होत नाही. पण डॉक्टरांसमोर कमी गुणांचा कागद जाईल, तेव्हा त्याच्या शेजारी हेही दिसेल.

२५ जून

'कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल' पहिल्या भेटीतून काढून टाकण्याचा निर्णय झाला. शब्द कळत नव्हते म्हणून नव्हे. ते नीट कळत होते.

या प्रश्नावलीत प्रत्येक विधानाला ० ते ४ गुण असतात, बेरीज ५२ पर्यंत जाते आणि ३० च्या पुढचे गुण दखल घेण्याजोगे मानतात. 'वेदना कमी करण्यासाठी मला काहीही करता येत नाही' या अर्थाच्या विधानाला पूर्ण गुण देणाऱ्या माणसाला कारण विचारले. तो म्हणाला, हंगाम संपेपर्यंत सुटी नाही, मुकादम बसू देत नाही, गोळी घेतली की चक्कर येते. हे धास्तावलेले मन नव्हे, हे त्याच्या परिस्थितीचे अचूक वर्णन आहे. मग हा आकडा घेऊन त्याला विचार बदलण्याच्या उपचाराला पाठवायचे का? अशा उत्तरांना 'दैववादी संस्कृती' असे नाव देऊन मोकळे होणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे आणि ते मला अन्यायाचे वाटते. तोच माणूस "प्रिमेरो दिओस", म्हणजे देवाच्या मनात असेल तर, असे म्हणतो आणि सांगितलेला व्यायामही न चुकता करतो.

प्रार्थनेविषयीही हेच. माणूस वेदनेला कसे तोंड देतो हे मोजणाऱ्या, रोझेनस्टील आणि कीफ यांच्या १९८३ च्या प्रश्नावलीत प्रार्थना आणि आशा यांचा एक गट आहे आणि त्याकडे हातपाय गाळण्याचे लक्षण म्हणून पाहिले जाते, म्हणून ती आम्ही घेतलीच नव्हती.

'कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल' आता तिसऱ्या-चौथ्या भेटीला, ओळख झाल्यावर, समुपदेशक स्वतः विचारेल आणि उच्च गुण आले तर कारणही लिहून घेईल.

१६ जुलै

खोलीत कोण आहे, यावर उत्तर बदलते. आईला प्रश्न वाचून दाखवणारी मुलगी तिच्या वतीने उत्तरे देऊ लागते आणि आईही मुलीसमोर दुखणे कमी करून सांगते. लैंगिक संबंध, झोप, चिडचिड या विषयांवर तर उत्तर येतच नाही. नातेवाइकांना बाहेर बसायला सांगणे उद्धट वाटते, म्हणून प्रश्न ध्वनिमुद्रित करून कानाला हेडफोन लावण्याची सोय केली. मुलगी शेजारी बसू शकते, पण तिला प्रश्न ऐकू येत नाही आणि आई फक्त उभ्या पट्टीवर बोट ठेवते. हा उपाय सर्वांना आवडला. अक्षरओळख कमी असलेल्यांचा प्रश्नही त्याने सुटला.

संमतीपत्रात हे उत्तर मालकाला, विमा कंपनीला किंवा सरकारी खात्याला दिले जाणार नाही, हे वाक्य पहिल्या परिच्छेदात आणले. ते आधी तिसऱ्या पानावर होते. ते ऐकेपर्यंत कागदपत्रांची काळजी असलेला माणूस दुखण्याविषयी मोकळेपणाने बोलेल, अशी अपेक्षा धरू नये. हे संमतीपत्र यंत्राकडून अनुवादित करून खर्च वाचवावा, अशी सूचना दोनदा आली. मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संघराज्याच्या नियमानुसार महत्त्वाचा मजकूर यंत्राने अनुवादित केला, तर तो पात्र अनुवादकाने तपासणे बंधनकारक आहे. त्यामुळे वाचण्यासारखे फारसे उरत नाही.

याच आठवड्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. स्पॅनिशभाषक म्हणून नोंदलेल्या काही रुग्णांची मातृभाषा मिश्तेको, म्हणजे मेक्सिकोतल्या मूळनिवासींची एक भाषा, आहे. ओआहाकातून आलेल्या मजुरांमध्ये ते साहजिक आहे. स्पॅनिश त्यांना कामापुरती येते. हाडातली आणि स्नायूतली वेदना स्पॅनिशमध्ये वेगळी करून सांगा म्हटल्यावर ते गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याला आम्ही 'लागू नाही' समजत होतो. त्यांची उत्तरे पूर्वचाचणीतून वेगळी काढली. नोंदणीच्या खिडकीवर आता 'स्पॅनिश बोलता का?' असे न विचारता 'लहानपणी घरी कोणती भाषा बोलत होता?' असे विचारले जाते. मिश्तेकोच्या बोली एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की एकच लेखी प्रश्नावली करून भागणार नाही. तिथे गावाचे नाव विचारून दुभाषाच शोधावा लागतो.

२० ऑगस्ट

द्राक्षतोडणी सुरू झाली आणि दवाखाना रिकामा पडला. ठरलेल्या मुलाखती रद्द झाल्या. संध्याकाळच्या वेळाही उपयोगी पडल्या नाहीत, कारण पहाटे निघालेला माणूस संध्याकाळी फक्त झोपतो. ऑक्टोबरपर्यंत काम थांबवले. शेतमजुरांसोबत काम करायचे असेल तर अनुदानाचे वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकावरून आखावे.

८ ऑक्टोबर

दुसरी फेरी सुरू झाली. सरावाचे प्रश्न आणि ध्वनिमुद्रण यांनंतर मोजपट्टीचा उलटा अर्थ लावणारे क्वचितच आढळले. 'सर्वांत कमी' आणि 'सर्वांत जास्त' यांचा गोंधळ अजून होतो, पण नियमामुळे तो तिथल्या तिथे पकडला जातो. नमुना लहान असल्याने टक्केवारी मांडत नाही. पूर्वचाचणी त्यासाठी नसतेच.

खर्चाविषयी पुष्कळ जण विचारतात. अनुवादकांचे मानधन हा लहान भाग निघाला. रुग्णांना प्रत्येकी २५ डॉलरचे किराणा कार्ड दिले, आणि ते मुलाखत अर्धवट सोडणाऱ्यालाही दिले, कारण त्याचाही दिवस मोडला होता. सर्वांत मोठा खर्च कर्मचाऱ्यांच्या वेळेचा झाला आणि अर्जात त्याचीच तरतूद सर्वांत कमी होती. ध्वनिमुद्रण दोनदा करावे लागले. पहिला आवाज रेडिओवरच्या निवेदकाचा होता आणि ऐकणाऱ्यांना ती जाहिरात वाटली. दुसऱ्यांदा आमच्याच नोंदणी खिडकीवरच्या बाईंनी वाचले. त्यांना रुग्ण ओळखतात.

१२ नोव्हेंबर

सर्व बदलांची वही पूर्ण झाली. प्रत्येक वाक्यासमोर मूळ इंग्रजी, आधीचे स्पॅनिश रूप, आमचे रूप, बदलाचे कारण आणि बदलाचा दिनांक अशी मांडणी आहे. जुन्या आवृत्त्या दवाखान्यातल्या कपाटांतून गोळा करून नष्ट केल्या, कारण एका तपासणी खोलीत 'सेवेरो'वाला तक्ता परवापर्यंत वापरात होता. आता प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आहे.

उरलेले काम फेरचाचणीचे: तोच माणूस, तीच प्रश्नावली, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने. त्यासाठी किमान ५० रुग्ण असावेत, असे तेरवे आणि सहकाऱ्यांचे प्रश्नावल्या पारखण्याचे २००७ चे निकष सांगतात. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात वेदना बदललेली नसावी, ही त्यातली मुख्य अट आहे. डिसेंबरपासून वेलींची छाटणी सुरू होते. एक चाचणी रिकाम्या आठवड्यात आणि दुसरी छाटणीच्या आठवड्यात झाली, तर प्रश्नावली डळमळीत आहे की कंबरच बदलली, हे ओळखता येणार नाही. म्हणून दोन्ही चाचण्या छाटणीच्या ऐन भरात, जानेवारीत, आणि शक्यतो आठवड्याच्या त्याच वारी घ्यायच्या ठरल्या आहेत. मुकादमांकडून छाटणीच्या तारखा मागवल्या आहेत आणि त्या हाती आल्यावरच रुग्णांना वेळा दिल्या जातील.